पहिल्या ओळीतला पत्ता

शाळेच्या निकालाची बेरीज करणारी एखादी लहानशी आज्ञावली कोणी हौशी गुरुजी संगणकावर लिहितात. त्यांच्या यंत्रावर ती बिनतक्रार चालते. तीच दुसऱ्या शाळेत नेली, की यंत्र म्हणते, “अशी फाईल नाही.” आता फाईल तर डोळ्यांसमोर आहे! मग नाही ते काय?

नाही तो दुभाषी. अशी आज्ञावली यंत्राला सरळ कळत नाही. ती वाचून दाखवणारा दुभाषी, म्हणजे इंटरप्रिटर, लागतो. युनिक्स वळणाच्या यंत्रणांत पहिल्या ओळीच्या आरंभी #! ही दोन चिन्हे आणि पुढे दुभाष्याचा पत्ता लिहितात. ही सोय १९८० साली बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी केली. यंत्रणा ती ओळ वाचते आणि फाईल त्या दुभाष्याच्या हवाली करते.

अडचण अशी, की दुभाष्याचे घर सगळीकडे एकच नसते. ‘बॅश’ हा दुभाषी लिनक्सवर बहुधा /बिन/बॅश येथे सापडतो. फ्रीबीएसडीवर तो मागाहून बसवावा लागतो आणि /यूएसआर/लोकल/बिन/बॅश येथे राहतो. मॅकवर /बिन/बॅश आहे खरा, पण ३.२ ही जुनी आवृत्ती. त्याच मॅकवरून २०२२ साली १२.३ आवृत्तीत पायथन २ काढून टाकले गेले. त्याचा पत्ता लिहिलेल्या आज्ञावल्या उघड्या पडल्या.

मग करावे काय? परगावी घर सापडले नाही, तर आपण चावडीवर नाव सांगून विचारतो. तसेच इथे करावे. पहिली ओळ अशी लिहावी: #!/यूएसआर/बिन/एन्व पायथन३. (टंकताना अक्षरे अर्थातच रोमन.) ‘एन्व’ ही आपली चावडी, ती जवळजवळ सर्वत्र याच पत्त्यावर असते. ‘पाथ’ नावाच्या यादीत जेवढ्या गल्ल्या असतील, तेवढ्या ती क्रमाने धुंडाळते आणि त्या नावाचा जो पहिला भेटेल, त्याला काम देते.

आता तुम्ही म्हणाल, झाले तर! पण थोडी सावधगिरी हवी. एका नावाचे दोघे असले, तर पहिलाच पकडला जातो. ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत ही यादी तोकडी असते. तेव्हा ती स्वतः लिहून द्यावी. लिनक्सवर दुभाष्याच्या पत्त्यापुढचा सारा मजकूर एकच शब्द धरला जातो. म्हणून ‘पायथन३’च्या पुढे आणखी सूचना जोडू नये. जोडायचीच असेल, तर एन्वला -एस ही खूण द्यावी. ग्नूच्या एन्वमध्ये ती २०१८ पासून आहे. आणि विंडोजवर लिहिलेल्या फाईलीत ओळीच्या शेवटी एक न दिसणारे चिन्ह राहते. ते दुभाष्याच्या नावाला चिकटते आणि पत्ता चुकतो. जतन करताना ओळींची अखेर युनिक्स पद्धतीची निवडावी.

काम साधे असेल, तर /बिन/एसएच पुरे. मात्र बॅशची खास लकब त्यात आणू नये. डेबियनवर त्या नावाखाली बॅश नसून ‘डॅश’ असतो.

म्हणून आज्ञावली इतरांना देण्याआधी वेगळ्या यंत्रणेच्या एका संगणकावर चालवून पाहा. नवशिक्याला “अशी फाईल नाही” असे उत्तर मिळाले, की आपल्यालाच हे जमत नाही असे वाटून तो हात आखडता घेतो. त्याला आधी पहिली ओळ दाखवा. दोष बहुधा तिथेच असतो, त्याच्या डोक्यात नव्हे.