दर्शनी भिंत कुणाची?

माझे आजोळ धुळ्याचे. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना रस्त्याचे नाव घ्यावे लागत नाही, गल्लीचा क्रमांक सांगितला की पुरे. गल्लीत शिरले की डाव्या हाताला दगडी जोत्यावरचा ओटा दिसतो. त्यावर चार सागवानी खांब, मधोमध पितळी कड्यांचा दरवाजा आणि त्याच्या माथ्यावर तेलाच्या पुटांनी काळाभोर झालेला गणपती. लहानपणी सुट्टीत आम्ही भावंडे त्या ओट्यावर पत्ते कुटायचो आणि जाणारा-येणारा कुणीही 'काय, मुंबईची पाहुणी आली वाटतं,' म्हणून टेकायचा.

गेल्या मे महिन्यात मामांचा फोन आला. "पोरं पुढची भिंत पाडायची म्हणताहेत. तू एकदा येऊन जा."

गेले. घरात दोन तट पडले होते. वाड्याचे वाटेकरी तीन. धाबे दर पावसाळ्यात गळते. मामेभावाची नोकरी सुटलेली, त्याला पुढच्या अंगाला दोन शटर बसवून दुकान थाटायचे होते. मामांचे म्हणणे एकच, "वाडा शंभर वर्षांवरचा आहे. पुरातत्त्व खातं हात लावू द्यायचं नाही." त्यावर मामेभाऊ हसला. "अण्णा, त्या खात्याला आपलं घर माहीत तरी आहे का?"

मला वाटते, असा संवाद खानदेशातल्या कितीतरी ओसऱ्यांवर झाला असेल. म्हणून आधी कायद्याचे पाहू.

घर शंभर वर्षांचे झाले की आपोआप संरक्षित होते, हा मोठा गैरसमज आहे. संरक्षण मिळते ते सरकारी अधिसूचनेने. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचे देऊळ किंवा धुळे जिल्ह्यातली बळसाण्याची मंदिरे केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली येतात. रत्नागिरीचे टिळक जन्मस्थान, पुण्याच्या गंज पेठेतला फुले वाडा, भगूरचे सावरकरांचे घर ही राज्याने संरक्षित केलेली घरे. तिथे खात्याच्या परवानगीवाचून एक खुंटीही ठोकता येत नाही.

आपले घर स्मारक नसले, पण केंद्र-संरक्षित स्मारकाच्या शेजारी असले, तरी नियम लागू होतात. २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीने करता येते. १६ जून १९९२ पूर्वीपासून त्या १०० मीटरांत घर असेल तर दुरुस्तीसाठी रीतसर अर्ज करता येतो. ही तरतूद अनेकांना ठाऊक नसते. मग ते भीतीपोटी घर पडू देतात, नाहीतर रातोरात काम उरकून गुन्ह्यात अडकतात.

तिसरा प्रकार वारसा यादीचा. मुंबईत १९९५ साली अशी नियमावली आली, ती देशातली पहिली मानली जाते. त्यात इमारतींच्या श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत अत्यावश्यक दुरुस्तीखेरीज आत-बाहेर हात लावायचा नाही. दुसरीत आतले बदल तपासून मंजूर होतात, पण दर्शनी रूप राखावे लागते. तिसरीत मोकळीक जास्त. राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी २०२० मध्ये आलेल्या एकत्रित नियमावलीतही वारसा जतनाचे नियम आहेत. तेव्हा कुदळ उचलण्यापूर्वी महापालिकेच्या नगररचना विभागात एक चक्कर मारावी आणि दोनच प्रश्न विचारावेत: आमचे घर यादीत आहे का, आणि असल्यास कोणत्या श्रेणीत?

मामेभाऊ तशी चौकशी करून आला. घर यादीत नव्हते. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही, नेहमीचा बांधकाम परवाना काढला की झाले. मामा त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

मला वाटते, खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. कायदा अडवत नसेल तर दर्शनी भिंत कुणाची?

धुळ्याच्या गल्ल्या आपोआप उगवलेल्या नाहीत. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने इथे नवी पेठ आखली. व्यापाऱ्यांनी यावे म्हणून घरांना जागा दिल्या आणि सरळ रेषेत गल्ल्या पाडल्या. अशा आखीव गल्लीत प्रत्येक घर शेजारच्या घराला खांदा लावून उभे असते. ओट्याला ओटा लागतो, सज्जाला सज्जा. मधल्या एकाने काचेची भिंत उभारली की तोंडातला पुढचा दात पडल्यासारखी ती ओळ दिसते. घराचा आतला भाग घरच्यांचा असतो. बाहेरचा मात्र निम्मा गल्लीचा असतो.

लंडनमध्येही हा वाद रंगला होता. केन्सिंग्टन भागातल्या एका घराला २०१५ मध्ये मालकिणीने लाल-पांढरे उभे पट्टे मारले. शेजारी खवळले, पालिकेने पुन्हा रंगवण्याची नोटीस धाडली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल मालकिणीच्या बाजूने दिला. कायदा तिच्या बाजूने होता. शेजार मात्र गेला!

पण हे सांगून मामेभावाचे पोट भरणार नव्हते. जतनाच्या गप्पा मारणारे आम्ही पाहुणे, गळत्या धाब्याखाली बादल्या मांडणारा तो. म्हणून एका जाणत्या गवंड्याला बोलावले. तो घरभर फिरला, भिंतीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "भिंत धडधाकट आहे. दुखणं वरून आणि खालून आहे."

वरचे दुखणे म्हणजे धाबे. पूर्वी दर उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर खाऱ्या मातीचा नवा थर पडायचा. माती आणणारी माणसे गेली आणि गळती सुरू झाली. खालचे दुखणे आमच्याच घरचे. वीस वर्षांपूर्वी भिंतीला ओल आली म्हणून पायापासून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्याची जुनी भिंत श्वास घेते, आत शिरलेली ओल बाहेर टाकते. सिमेंटने तिची वाट बंद होते. मग ओल वर चढते आणि विटांचा भुगा होऊ लागतो. सागवानावर चोपडलेल्या ऑइलपेंटचेही तेच. वरून चकचकीत, आतून कुजट.

गवंड्याने हिशेब मांडला. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायचा. खांबांवरचा रंग हलक्या हाताने काढून जवसाचे तेल पाजायचे. कुजलेल्या तुळईचा तेवढाच तुकडा कापून सागाचा जोड द्यायचा. आणि दुकान? त्याने ओट्याच्या उजव्या अंगाकडे बोट दाखवले. तिथे उंबऱ्यात एक खाच होती, इतकी वर्षे आम्हाला ती दिसलीच नव्हती. "इथं पूर्वी फळ्यांचं दुकान असणार. फळ्या खाचेत सरकवायच्या. भिंत कशाला पाडता?"

मामा एकदम म्हणाले, "हो हो! आजोबांची कापसाची पेढी होती तिथं."

जळगावात जुन्या गावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंचे घर असेच राखले आहे. तिथे गेलेल्याला कविता कुठल्या ओसरीत, कुठल्या जात्याशी सुचल्या असतील याची कल्पना करता येते. त्या जागी सिमेंटची तीन मजली इमारत आणि भिंतीवर संगमरवरी पाटी असती, तर? नाव राहिले असते, घर गेले असते. आपल्या घरात बहिणाबाई होऊन गेलेल्या नसतात हे खरे. पण आजी होऊन गेलेली असते.

सगळेच वाचले असे नाही. मागच्या दोन खणांवरचे धाबे काढून तिथे पत्रे घालावे लागले. मे महिन्यातला तो जुना गारवा आता तिकडे नाही. शटरपेक्षा खर्च अधिक झाला, तिसऱ्या वाटेकऱ्याने अजून आपला हिस्सा दिलेला नाही. यादीत नसलेल्या घराला कुणी मदत देत नाही आणि यादीत गेलो तर हात बांधले जातील, अशी धास्ती. त्यापायी किती वाडे मुकाट पडले असतील! नियम करणाऱ्यांनी बंधनाबरोबर चुन्याच्या आणि सागवानाच्या खर्चाचाही विचार केला, तर लोक आपण होऊन घराचे नाव यादीत घालायला येतील.

दिवाळीत पुन्हा गेले होते. मामेभाऊ सकाळी एकेक फळी काढून भिंतीला लावून ठेवत होता. पाटी लहान, खांबांच्या आत टांगलेली. मामा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. समोरचे शेजारी रस्ता ओलांडून आले, खांबावरून हात फिरवला आणि मामेभावाला विचारले, "त्या गवंड्याचा नंबर दे रे जरा."