पिसांची माशी

पिसांची माशी करून मासा पकडतात, ऐकलंय कधी?

इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये टेस्ट नावाची नितळ नदी आहे. मे संपत आला, की गळ टाकणारे हौशी लोक तिच्या काठी डोळे लावून बसतात. कशासाठी? तर ‘मेफ्लाय’ या कीटकासाठी! याचं पिल्लू सुमारे दोन वर्षं तळाच्या गाळात काढतं. मग एके दिवशी हजारो पिल्लं वर येतात आणि त्यांना पंख फुटतात. गंमत म्हणजे, मोठ्या मेफ्लायला खाता येईल असं तोंडच नसतं! अंडी घालायची, की संपलं.

ट्राउट मासे टपलेलेच असतात. ‘टप्’! पाण्यावर वर्तुळ उमटतं, कीटक गायब.

त्या वर्तुळाच्या थोडं वरच्या अंगाला गळवाला आपली माशी अलगद सोडतो. गळाला पिसं नि दोरा गुंडाळून केलेली. ती प्रवाहाच्याच वेगानं वाहायला हवी, बरं का! दोरी ताणून जराशी फरफटली, की ट्राउटनं ओळखलंच. आजूबाजूला खरी मेजवानी असताना तो खोटी कशाला खाईल? कितीतरी जणांची दुपार अशीच कोरडी जाते.

संध्याकाळी माद्या अंडी घालायला पाण्यावर उतरतात. पुन्हा ‘टप्’! गळवाला पुन्हा दोरी सोडतो.