संगणकांच्या जाळ्याची नाडीपरीक्षा

वैद्य रोग्याच्या घरी आला की प्रथम मनगट हाती घेतो. रोगाचे नाव त्याला तेथेच कळते असे नाही. परंतु प्राण आहे की नाही, वेग किती, ताल चुकतो की काय, एवढे कळते आणि पुढील तपासणीची दिशा ठरते. संगणकांच्या जाळ्याचेही असेच आहे. बँकेचा पैसा, रेल्वेचे तिकीट, रुग्णालयातील क्ष-किरण चित्रे ही सर्व आज या जाळ्यातून धावतात. ते कोठे अडले हे पाहण्याची साधने कोणती, आणि यंत्र म्हातारे झाले म्हणजे त्या साधनांनी काय साधते व काय साधत नाही, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

यातील सर्वांत साधे साधन म्हणजे ‘पिंग’. अमेरिकी सैन्याच्या एका संशोधनशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधताना ध्वनीची लहर सोडतात व प्रतिध्वनी परत येण्यास किती वेळ लागला ते मोजतात. त्या आवाजावरून हे नाव पडले. रीतही तीच. आपल्या संगणकाने दूरच्या संगणकास ‘आहेस का?’ असे विचारावयाचे, आणि ‘आहे’ हे उत्तर किती सहस्रांश सेकंदांत आले ते पाहावयाचे.

उत्तर आले नाही, तर वाटेत कोठे अडले? त्यासाठी व्हॅन जेकबसन यांनी १९८७-८८ च्या सुमारास ‘ट्रेसराऊट’ हे साधन रचले. त्यातील युक्ती मोठी गमतीची आहे. जाळ्यातून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटावर एक आकडा लिहिलेला असतो. वाटेतील प्रत्येक नाक्यावर त्यातून एक वजा होतो. शून्य झाला की नाकेदार ते पॅकेट टाकून देतो आणि पाठविणाऱ्यास तसे कळवितो. पॅकेटे दिशा चुकून जन्मभर भटकत राहू नयेत म्हणून केलेली ही सोय. जेकबसन यांनी तिचा उपयोग वाट ओळखण्याकडे केला. आधी एक आकडा घालून पॅकेट पाठवावे, म्हणजे पहिला नाका आपले नाव सांगतो. मग दोन, मग तीन. अशा रीतीने साऱ्या वाटेचा नकाशा हाती येतो.

आणखी दोन साधने सांगून पुढे जाऊ. गॉर्डन लायन यांचे ‘एनमॅप’ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकाची कोणकोणती दारे उघडी आहेत हे ते ठोठावून पाहते. पुढील वर्षी त्याला एक नवी विद्या आली. काही विचित्र प्रश्न विचारून, उत्तराच्या ढंगावरून, समोरच्या यंत्रात कोणती कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आहे हे ते ओळखू लागले. बोलीवरून माणसाचे गाव ओळखावे तसे. दुसरे साधन ‘वायरशार्क’. ते कोणास काही विचारीत नाही. तारेतून जे संभाषण चालले आहे ते निमूटपणे ऐकते व लिहून ठेवते. हा भेद श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. एक साधन विचारते, दुसरे ऐकते. पुढील सर्व विवेचन या भेदावर उभे आहे.

आता अडचणीकडे वळू. कार्यप्रणालीचे आयुष्य एक आणि ज्या यंत्रात ती बसविली त्याचे आयुष्य दुसरे. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिची नेहमीची डागडुजी थांबली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. परंतु शरीराची चित्रे काढणारे रुग्णालयातील मोठे यंत्र किंवा कारखान्यातील लेथ पंधरा-वीस वर्षे सहज चालते. त्याला चालविणारा प्रोग्रॅम त्याच जुन्या विंडोजसाठी लिहिलेला असतो, आणि तीत फेरफार केल्यास उत्पादक जबाबदारी घेत नाही. २०१० मध्ये एक्सपीसह घेतलेल्या यंत्राला डागडुजी लाभली ती जेमतेम चार वर्षे. लोखंड धडधाकट, पण मेंदू निराधार! ते फेकून द्यावे तर लाखो रुपये पाण्यात. चालू ठेवावे तर जाळ्याचे दार सताड उघडे.

अशा यंत्राची निदान तपासणी तरी करावी, असे कोणीही म्हणेल. परंतु तेथेही इकडे आड, तिकडे विहीर. एक तर नवी साधने जुन्या घरात राहावयास तयार नसतात. वायरशार्कच्या १.१० या आवृत्तीनंतर एक्सपीला अधिकृत आधार राहिला नाही. दुसरे असे की, जुन्या यंत्रास प्रश्न विचारणेच कधी कधी घातक ठरते. १९९६ च्या अखेरीस असे आढळले की, ६५,५३५ बाइटांच्या ठरीव मर्यादेहून मोठे पॅकेट पिंगच्या वाटेने धाडले तर त्या वेळच्या अनेक कार्यप्रणाली कोसळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेने कारखान्यांच्या नियंत्रणयंत्रणांविषयीच्या आपल्या मार्गदर्शिकेत एक प्रसंग नमूद केला आहे. एका जाळ्यातील सर्व यंत्रांना ओळीने पिंग केले जात असता, नऊ फूट लांबीचा एक यांत्रिक हात, जो तोवर स्वस्थ होता, एकाएकी अर्धा फेरा फिरला. शेजारी माणूस उभा असता तर? नाडी पाहण्यानेच रोगी दगावावा, तसलाच हा प्रकार.

मग हात न लावणेच बरे काय? त्याचे उत्तर १२ मे २०१७ ने दिले. त्या दिवशी ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. तो संगणकातील सर्व कागदपत्रांना कुलूप घाली व किल्लीसाठी खंडणी मागे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश विश्वस्त संस्थांच्या कामात खंड पडला. रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या असाव्यात असा सरकारी लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. काही भागांत तातडीच्या रोग्यांना दूरच्या रुग्णालयात जावे लागले. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. या सेवेतील बाधित संगणकांपैकी बहुतेक एक्सपीचे नव्हतेच. ते विंडोज ७ चे होते. तिची डागडुजी तेव्हा चालू होती, आणि या दोषावरील उपाय मार्चमध्येच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, उपलब्ध झाला होता. तो कोणी लावला नव्हता, एवढेच. म्हातारपण हा धोका खरा; परंतु हेळसांड हा त्याहून मोठा.

यावरून आम्हांला मार्ग दिसतो तो असा. जुने यंत्र ठेवणे भाग असेल तर ते सर्वांत मिसळू देऊ नये. त्याला जाळ्याची वेगळी खोली द्यावी, आणि कामापुरतेच एक दार ठेवावे. त्याची तपासणी विचारून नव्हे, तर ऐकून करावी: शेजारच्या नव्या संगणकावर वायरशार्क ठेवून जुन्याचे संभाषण न्याहाळावे. ठोठावून पाहणे अगदी आवश्यकच असेल, तर यंत्र कामावर नसताना, जाणत्या माणसाच्या देखत पाहावे. कोणत्या यंत्रात कोणती कार्यप्रणाली आहे व तिची मुदत कधी सरते, याची वही ठेवावी. आणि नवे यंत्र घेताना किमतीबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘याच्या कार्यप्रणालीची डागडुजी किती वर्षे मिळेल?’ उत्तर करारात लिहून घ्यावे.

पिंगला उत्तर आले, म्हणजे यंत्र जागे आहे एवढेच सिद्ध होते. ते निरोगी आहे असे नव्हे. आपल्या गावातील रुग्णालय, पतपेढी, नगरपालिका यांच्या कारभारात लक्ष घालणारी पुष्कळ मंडळी येथे बसली आहेत. इमारतीच्या दुरुस्तीची तरतूद आपण अंदाजपत्रकात दरवर्षी करतो. संगणकांच्या दुरुस्तीची व ते बदलण्याची तरतूद त्याच कागदावर, त्याच गांभीर्याने व्हावयास हवी. तसे न झाल्यास हिशेब पुढे रोग्याला चुकता करावा लागतो, आणि त्याला तर ही निवड कोणी विचारलेलीच नसते.