सभासदाचा नंबर आणि ब्राउझरमधली चिठ्ठी

१४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. त्या काळी कुठल्याही संस्थेचा सभासद म्हणजे वहीतली एक ओळ असायची: नाव, पत्ता, वर्गणी. आता अर्जात मोबाइल, ईमेल, जन्मतारीख आणि कधी आधारची झेरॉक्सही लागते. ती कशाला, हे फारसं कुणी विचारत नाही.

कागदावरची ही माहिती संगणकात चढली, की ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. बहुतेक बंधनं पाळायला तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत दिली आहे. संमती घेताना माहिती कशासाठी हवी ते स्पष्ट सांगायचं, आणि सभासदाने मागितलं तर मराठीतून. आमसभेच्या सूचनेसाठी घेतलेला नंबर कोचिंग क्लासच्या जाहिरातीला देता येणार नाही.

संस्थेची वेबसाइट असेल, तर कुकीचाही प्रश्न येतो. कुकी म्हणजे वेबसाइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी ती शोधून काढली. लॉगिन लक्षात ठेवणारी कुकी कामाचीच. जाहिरात कंपनीची मात्र एका साइटवरून दुसरीकडे माग काढते. ओळख पटवणारी कुकी हीही वैयक्तिक माहितीच. अठरा वर्षांखालच्या मुलांचा असा माग काढायला, मोजके अपवाद सोडता, याच कायद्याची मनाई आहे. उन्हाळी शिबिरांची ऑनलाइन नोंदणी करणाऱ्या मंडळांनी आधी तेवढं तपासावं.