मुलाचा मुक्काम आणि पोटगीचा हुकूम

नागपूर-बल्लारपूर लोहमार्गावर जेथून वणीकडे फाटा फुटतो, त्या माजरीसारख्या कोळशाच्या गावात नवरा-बायकोची फारकत झाली, तर बहुधा एक जण खाणीच्या वसाहतीत राहतो आणि दुसरा वरोरा, चंद्रपूर किंवा नागपूर गाठतो. आणि त्या वेळी सहा-सात वर्षांचे असलेले जे मूल न्यायालयाने आईच्या स्वाधीन केलेले असते, तेच दहावी उत्तीर्ण होताच, पुढील शिक्षणासाठी म्हणा किंवा आईशी खटके उडू लागले म्हणून म्हणा, ‘मी आता बाबांकडे राहतो’ असे सांगून आपली वह्या-पुस्तके उचलते. यात अघटित असे काही नाही. अडचण उभी राहते ती पुढच्या पगाराच्या दिवशी.

मुलगाच आपल्या घरी आला, तेव्हा त्याची पोटगी आपोआप संपली, अशी बापाची प्रामाणिक समजूत असते आणि तो रक्कम पाठविणे थांबवितो. कायद्याला ही समजूत मान्य नाही. न्यायालयाने दिलेला हुकूम न्यायालयच फिरवीपर्यंत अंमलात राहतो. त्यामुळे दरमहा ५,००० रुपयांचा हुकूम असेल आणि जूनपासून रक्कम थांबली असेल, तर पुढच्या मेअखेर ६०,००० रुपयांची थकबाकी कागदोपत्री उभी राहते. वर्षाच्या मुदतीत वसुलीचा अर्ज आला, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. दिवाणी दरखास्तीत एरवी पगाराचा मोठा हिस्सा जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यापुढे मात्र केवळ एकतृतीयांश पगार सुरक्षित राहतो. मुलगा प्रत्यक्षात आपल्याच घरी जेवत होता, ही कैफियत बापाला मांडता येते हे खरे. परंतु ती शाळेच्या दाखल्यांनी आणि फीच्या पावत्यांनी सिद्ध करीपर्यंत तारखांवर तारखा पडत जातात. उलट, मुलगा घरात नसताना त्याच्या नावाची रक्कम घेत राहणाऱ्या आईची बाजूही न्यायाची ठरत नाही, कारण ती रक्कम मुलाच्या उदरनिर्वाहाची असते, जुन्या भांडणाची भरपाई नसते.

या पेचातून सुटण्याचा मार्ग कायद्यानेच घालून दिला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जे कलम १२५ पोटगीच्या संदर्भात घरोघरी ठाऊक होते, त्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली असून, परिस्थिती पालटल्यास रक्कम कमी-जास्त करण्याची किंवा हुकूम रद्द करण्याची तजवीज कलम १४६ मध्ये आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा हिंदू विवाह कायद्याखालचा असेल, तर कलम २६ अन्वये मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयीचे आदेश हुकूमनाम्यानंतरही बदलून मागता येतात, आणि त्या वेळी शक्य तेथे मुलांची इच्छा लक्षात घ्यावी, असे ते कलमच सांगते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या शब्दाला म्हणून वजन असते, परंतु त्याचे हित हीच अखेरची कसोटी.

मुलगा बापाकडे गेल्यावर आईवर काही भार पडतो काय? पडू शकतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने हे कर्तव्य आई आणि बाप या दोघांवर ठेवले आहे, आणि दोघेही मिळवते असता खर्च मिळकतीच्या प्रमाणात वाटावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मान्य केले. त्या प्रकरणात ते प्रमाण दोनास एक असे होते. समजा, बापाला खाणीत ४०,००० रुपये आणि आईला परिचारिकेच्या नोकरीत २०,००० रुपये मिळतात व मुलाचा खर्च ९,००० रुपये आहे. तर याच हिशेबाने ६,००० रुपये बापाचे आणि ३,००० रुपये आईचे होतात.

मिळकत लपविण्याचा जुना रिवाज मोडण्याचे श्रेय विदर्भातल्याच एका प्रकरणाकडे जाते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०१५ साली एका तान्ह्या मुलासाठी आधी दरमहा ५,००० आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरविली. ते प्रकरण ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने दिल्लीपर्यंत गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता व देणी शपथपत्रावर उघड करावीत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गोंड, माडिया आदी अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, उपरोक्त दोन्ही हिंदू कायदे लागू होत नाहीत. त्यांची सोडचिठ्ठी रूढीप्रमाणे होत असली, तरी कलम १४४ धर्म वा जमात पाहत नाही, त्यामुळे त्यांच्या मुलांनाही ते दार उघडे आहे. या कलमाखालची मुलाची पोटगी सामान्यतः अठराव्या वर्षी थांबते. ज्यांना हिंदू निर्वाह कायदा लागू आहे, त्यांच्यातील स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा हक्क मात्र त्यानंतरही टिकतो, हे २०२० च्याच दुसऱ्या एका निकालाने स्पष्ट झाले आहे.

तेव्हा मुलाने घर बदलले की आई-बापांनी, परस्परांशी बोलणे बंद असले तरी वकिलांमार्फत, संमतीच्या अटी लिहून त्याच न्यायालयात दाखल कराव्यात. संमती होत नसेल, तर ज्याला बदल हवा त्याने विनाविलंब अर्ज द्यावा. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. तोंडी समझोता कितीही सद्भावनेने झालेला असो, दोघांतल्या एकाचे मन फिरले की तो सिद्ध करणे कठीण होते, आणि त्या ओढाताणीत जो पैसा वकिलांवर व येण्याजाण्यावर खर्च होतो, तो बहुधा त्याच मुलाच्या फीचा असतो.