पिशवी मुलाच्या हाती

भाजी आणायला घरातल्या मुलाला मंडईत धाडायचे, ही पुण्याच्या पेठांतली जुनी रीत. शुक्रवार, बुधवार, सदाशिव पेठेतल्या वाड्यांमधून आठ-दहा वर्षांचे मूल कापडी पिशवी आणि मुठीत पैसे घेऊन निघे आणि मेथीची जुडी, पावशेर वांगी आणि हिशेब घेऊन परत येई. त्या एका खेपेत त्याला रस्ता ओलांडावा लागे, अनोळखी माणसाशी बोलावे लागे, माल पारखावा लागे, पैसे मोजावे लागत आणि काही चुकले तर ते घरी सांगावेही लागे. मुलांमध्ये जबाबदारी आणि स्वावलंबन कसे येते, हे समजून घ्यायला या खेपेइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. जबाबदार वागणे सांगून अंगी येत नाही. ज्या कामावर घरातले काहीतरी खरोखर अवलंबून आहे, असे काम मुलाच्या हाती पूर्ण सोपवले तरच ते येते. मुलाने भाजी आणली नाही, तर त्या दिवशी ताटात भाजी नसे.

अष्टकोनी मनोऱ्याची आजची मंडई 1886 मध्ये सुरू झाली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणत. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने मंडईला महात्मा फुले यांचेच नाव मिळाले. मुलांच्या दृष्टीने मात्र या बाजाराचे महत्त्व वेगळ्याच गोष्टींत आहे. इथे माल उघडा मांडलेला असतो, तो हातात घेऊन बघता येतो आणि भाव बहुधा विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायचे म्हणजे तोंड उघडायचे. लाजऱ्या मुलासाठी ‘मावशी, गवार कशी दिली?’ हे एक वाक्यही मोठी मजल असते.

जुन्या काळी या खेपेला गणिताचीही चांगलीच जोड होती. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होत. वजनात शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे शाळेत घोकून घेतलेले पाढे गाळ्यासमोर उभे राहिले की उपयोगी पडत. सव्वा आणा शेराने अडीच शेर बटाट्यांचे किती, हे भाजीवाली क्षणात सांगे आणि मुलाला ते मनात पडताळून बघावे लागे. आजचा हिशेब सोपा आहे, पण पाव किलोचा भाव काढणे आणि दोनशेच्या नोटेतून उरलेले पैसे मोजून घेणे यात सरावाला अजून पुष्कळ जागा आहे.

घरकामाची आवड मुलांना लावावी लागते, हा समज बराचसा उलटा आहे. ती आवड मुले घेऊनच येतात. मोठी माणसे ती नकळत घालवतात. मानसशास्त्रज्ञ फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांचे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग सुपरिचित आहेत. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा खाली पडला आणि तो त्याला उचलता येईना, तेव्हा अवघ्या दीड वर्षाची बहुतेक मुले कोणी न सांगता पुढे झाली आणि त्यांनी चिमटा उचलून दिला. हाच अनुभव कोणत्याही मराठी घरात येतो. आई मटार सोलायला बसली की दोन-तीन वर्षांचे मूल परातीपाशी येते. त्याला शेंग फोडायची असते. अर्धे दाणे जमिनीवर जातात, काही तोंडात जातात, आणि ‘तू जा, खेळ जा’ असे म्हणून त्याला उठवले जाते. तेच मूल दहा वर्षांचे झाले की ‘हा कशाला हात लावत नाही’ अशी तक्रार सुरू होते. मधल्या सात-आठ वर्षांत त्याला घराने एकच गोष्ट शिकवलेली असते: इथले काम तुझे नाही.

मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिले बालगृह उघडले, तेव्हा पाणी ओतणे, बटणे लावणे, टेबल पुसणे ही रोजची कामेच शिक्षणाच्या मध्यभागी ठेवली. मुलांना फुटणारी खरी भांडी द्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. कप फुटू शकतो हे कळल्यावरच हात सांभाळून चालतो. 1939 मध्ये त्या भारतात आल्या. महाराष्ट्रात हा विचार गरिबाच्या अंगणापर्यंत नेला तो ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केल्यावर त्यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. महागडी साधने परवडणारी नव्हती आणि त्यांची गरजही नव्हती. खडे, शिंपले, पाने, बिया एवढ्यावर बालवाडी चाले. वस्तू खरी असावी आणि काम मुलाच्या हाताने व्हावे, हे तत्त्व त्यांनी सोडले नाही.

मंडईला लागूनच तुळशीबाग आहे. तिथे पितळी भातुकलीचे संच पिढ्यान्‌पिढ्या विकले जातात: इवलेसे पातेले, पोळपाट-लाटणे, बंब, जाते. भातुकली हा मोठ्यांच्या कामाचा सराव आहे आणि तो खेळ फार मोलाचा आहे. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला खोटे पोळपाट पुरत नाही. त्याला खऱ्या कणकेचा गोळा हवा असतो, आणि तो द्यायला हरकत कसली?

काम सोपवण्याची रीत या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची. बहुतेक घरांत मुलांकडून ‘मदत’ मागितली जाते: हे उचल, ते दे, जरा बघ. यात काम मोठ्यांचेच राहते, मुलाकडे फक्त हुकूम येतात. त्याऐवजी एक लहान काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचे करावे. जेवताना ताटे-पाणी घेणे हे काम सहा वर्षांच्या मुलाचे असेल, तर किती माणसे जेवणार, आज वाटी लागेल का, तांब्या भरला का, हे त्यानेच बघावे आणि रोज आठवण करून देऊ नये. आठवण करून देणारा माणूस कायम हजर असला की आठवण ठेवण्याची गरजच उरत नाही. स्वतःचे दप्तर भरणे, अंथरूण काढणे, जेवल्यावर ताट उचलून घासायला ठेवणे, ओला आणि सुका कचरा वेगळा करून सकाळी कचरा नेणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंकडे देणे, ही पुण्याच्या कोणत्याही घरात सहज सोपवता येण्याजोगी कामे आहेत.

मंडईची खेपही अशीच टप्प्याटप्प्याने सोपवायची असते. चार-पाच वर्षांच्या मुलाने सोबत यावे, स्वतःची छोटी पिशवी धरावी, वाट्यातली लिंबे निवडावीत. साताठ वर्षांचे झाले की पालक दोन गाळे मागे उभे राहतील आणि मूल भाव विचारेल, पैसे देईल, सुटे मोजून घेईल. मग यादी त्याच्याच अक्षरात लिहून घेऊन, ओळखीच्या एका भाजीवाल्याकडे एकट्याने. तेराव्या-चौदाव्या वर्षी आठवड्याचे पैसे हातात द्यावेत आणि घरात काय शिजेल हेही त्याला ठरवू द्यावे. वयाचे हे आकडे ढोबळ आहेत. मुलाचा स्वभाव आणि घराजवळचा रस्ता बघूनच ठरवायचे. पारख मात्र सोबत असतानाच शिकवावी लागते. भेंडीचा शेंडा कट्‌कन मोडला तर ती कोवळी. वांग्याचा देठ हिरवा आणि साल चकचकीत हवी. काकडीचा तुकडा चाखून घ्यायला लाजू नये.

एवढे शिकवूनही मूल जून भेंडी आणणारच. या क्षणी घरातल्या माणसांची खरी परीक्षा असते. रागावणे सोपे आहे. त्याहून सोपे म्हणजे ‘राहू दे, उद्यापासून मीच आणीन’ असे म्हणणे, आणि ते सर्वांत घातक. अर्धा किलो भेंडीचे नुकसान तीस-चाळीस रुपयांचे असते. मुलाच्या मनातून उतरलेला भरवसा त्याहून कितीतरी महाग पडतो. भाजी चिरायच्या आधी जून भेंड्या त्यालाच वेगळ्या काढायला बसवावे. ढीग बघून त्याचे त्यालाच कळते, आणि पुढच्या खेपेला त्याचा हात शेंड्याकडे जातो.

कामाचे पैसे द्यावेत का, हा प्रश्न हल्ली बहुतेक घरांत निघतो. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल खेळणे बक्षीस मिळाले, ती पुढे बक्षीस नसताना कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळाले नव्हते, ती करत राहिली. केर काढण्याचे दहा रुपये लावले की केर हा व्यवहार होतो आणि एके दिवशी मूल म्हणते, मला आज दहा रुपये नकोत. घरातले काम घर आपले आहे म्हणून करायचे असते, त्याची मजुरी नसावी. खाऊचे पैसे द्यायचे तर ते कामाशी न जोडता वेगळे द्यावेत. मंडईतून उरलेले सुटे पैसे हिशेबासह परत यावेत, आणि त्यातून पेरू घ्यायचा असेल तर ते आधी ठरलेले असावे. मुलाच्या हातात रोख पैसेच द्यावेत हे बरे. मोबाइलने पैसे दिले आणि गाळ्यावरचा छोटा स्पीकर ‘रुपये प्राप्त झाले’ असे सांगतो, तेव्हा व्यवहार पुरा होतो, पण मुलाला पैसा कमी झालेला दिसत नाही. नोट मोडताना आणि नाणी मोजताना तो दिसतो.

मुलगा आणि मुलगी यांच्यात काम वाटताना होणारा अन्याय अजून मोठा आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील सर्वांची पाहणी होती. त्यात 81.2 टक्के स्त्रिया घरातले बिनमोबदला काम करताना आढळल्या, पुरुष 26.1 टक्के. काम करणाऱ्यांतही स्त्रियांचा दिवसाचा वेळ सरासरी 299 मिनिटे होता, पुरुषांचा 97. ही दरी लग्नानंतर अचानक पडत नाही. ती आठव्या-नवव्या वर्षीच पडते, जेव्हा बहिणीला पोळ्या लाटायला बोलावले जाते आणि भावाला बाहेरून दही आणायला धाडले जाते. बाहेरचे काम मुलाचे आणि चुलीचे मुलीचे, या वाटणीत दोघांचेही शिक्षण अर्धे राहते. मंडईची पिशवी मुलीच्याही हाती जावी आणि आणलेली मेथी मुलानेही निवडावी.

मंडईच्या गाळ्यांवर शाळा सुटल्यावर आईवडिलांजवळ बसलेली मुलेही दिसतात. त्यांना हिशेब, वजनकाटा आणि गिऱ्हाइकाशी बोलणे कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. इथे एक सीमारेषा स्पष्ट असावी लागते. 1986 च्या बालकामगार कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्या व्यवसायात हातभार लावण्याची सवलत आहे. अभ्यास, खेळ किंवा झोप ज्या कामामुळे बुडते, ते काम मुलाला जबाबदार करत नाही, त्याचे बालपण खाते. पांढरपेशा घरांतही ही मर्यादा लागू आहे. धाकट्या भावंडाची सगळी जबाबदारी बारा वर्षांच्या मुलीवर टाकणे हे संस्काराच्या नावाखाली चालते, आणि ते चुकीचे आहे.

आजच्या अडचणी खोट्या नाहीत. पेठांतले रस्ते तेच आहेत आणि वाहने कितीतरी पटींनी वाढली. लहान मुलाला एकटे धाडताना जीव धास्तावणे स्वाभाविक आहे. वाडे गेले, तशी वाटेवर लक्ष ठेवणारी ओळखीची माणसेही पांगली. भाजी मोबाइलवर मागवली की दहा-पंधरा मिनिटांत दारात येते, त्यामुळे मुलाला धाडण्याचे निमित्तही उरत नाही. जपानमध्ये मुलांच्या पहिल्या एकट्या खेपेवरचा दूरचित्रवाणी कार्यक्रम 1991 पासून लोक कौतुकाने बघत आले आहेत. तिथल्या गल्लीत वाहने हळू चालतात आणि दुकानदार मुलाकडे लक्ष ठेवतात, म्हणून आईबापांचे धाडस होते. आपल्याकडे ती व्यवस्था होईपर्यंत सोसायटीच्या फाटकाजवळची भाजीची गाडीही लहान मुलाला पुरेशी आहे. मोठ्या मुलांसाठी वाट खुलीही झाली आहे: सप्टेंबर 2024 पासून मेट्रो थेट मंडईखाली थांबते, आणि पिंपरीचा नववीतला मुलगा एकही मोठा रस्ता न ओलांडता बरेचसे अंतर कापू शकतो.

पालकांनी येत्या रविवारी एवढे करून बघावे. यादी मुलाला लिहायला सांगावी, मोजून पैसे द्यावेत, पिशवी त्याच्या खांद्याला लावावी आणि आपण दोन गाळे मागे थांबावे. मध्ये बोलू नये. तो जी भाजी निवडेल, तीच त्या दिवशी घरात शिजवावी.