फाटकाआडचा रस्ता

सायकलींच्या दुनियेत गेल्या वीस वर्षांत ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची एक नवी जात रुजली आहे. ग्रॅव्हल म्हणजे आपली बारीक खडी किंवा मुरूम. या सायकलीचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते. टायर मात्र तिच्याहून रुंद, साधारण ३५ ते ५० मिलिमीटरचे, आणि त्यांत हवा कमी भरलेली. टायर मऊ असला की खडा रबरात दबतो, सायकल आणि स्वार खड्याखड्याला उचलले जात नाहीत आणि खडबडीत रस्त्यावरचे कष्ट वाचतात. २००६ साली अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी अशा रस्त्यांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला ३४ जण उतरले होते. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. शर्यतीची हौस यामागे आहेच, पण बहुतेकांना ही सायकल हवी असते ती मोटारींपासून दूर जाण्यासाठी.

मी नैऋत्य जर्मनीत श्वार्त्सवाल्डच्या पायथ्याशी राहते. आपल्याकडे केकमुळे ‘ब्लॅक फॉरेस्ट’ म्हणून ठाऊक असलेले डोंगराळ अरण्य ते हेच. सुट्टीच्या दिवशी मी तिथल्या वनरस्त्यांवर सायकल चालवते. गाव संपले की एक आडवा दांडा लागतो, शेजारी मोटारींना मनाई करणारी गोल पाटी. दांड्याच्या कडेला माणूस किंवा सायकल जाईल एवढी फट असते. पलीकडे तासन्‌तास मोटार दिसत नाही. ऐकू येतो तो फक्त टायरखालच्या खडीचा आवाज. ही शांतता निसर्गाने दिलेली वाटते, पण पायाखालचा रस्ता कोणीतरी बांधलेला आणि राखलेला आहे. तो कोणी, कशासाठी बांधला आणि मला तिथे कोणत्या अधिकाराने जाता येते, या प्रश्नांचा माग काढत गेले आणि शेवटी महाराष्ट्रातल्या जंगलनाक्यापाशी येऊन पोचले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: लाकूड. रस्ते नव्हते तेव्हा श्वार्त्सवाल्डचे लाकूड नद्यांतून जात असे. पीळ दिलेल्या फांद्यांनी ओंडके एकमेकांना बांधून त्यांचे लांबलचक तराफे किन्झिग, मुर्ग, नागोल्ड या नद्यांतून ऱ्हाइनपर्यंत आणि पुढे जहाजे व इमारतींसाठी थेट हॉलंडपर्यंत नेत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि हा धंदा ओसरला. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रकने अरण्यात शिरकाव केला आणि त्याच्यासाठी डोंगरांच्या कुशीतून रस्त्यांचे जाळे विणले गेले. २६ डिसेंबर १९९९ रोजी ‘लोथार’ नावाच्या वादळाने इथे डोंगरच्या डोंगर आडवे केले, तेव्हा पडलेले लाकूड बाहेर काढायला हेच रस्ते उपयोगी पडले.

चाळीस टनांचा ट्रक पेलणाऱ्या या रस्त्यावर डांबर नसते, सिमेंटही नसते. खाली मोठ्या दगडांचा थर आणि वर बोटभर खड्यापासून पिठासारख्या भुकटीपर्यंत सर्व आकारांचे मिश्रण. ते योग्य ओलीवर रोलरने दाबले की बारीक कण मोठ्या खड्यांच्या फटींत बसतात आणि ओलावा त्यांना धरून ठेवतो. स्कॉटलंडच्या मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेल्या पद्धतीचाच हा वंशज. आपल्या बांधकाम खात्याच्या कागदांत ‘डब्ल्यूबीएम’ असते, म्हणजे ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’, तेही याच कुळातले. आणि गावच्या फलकावर त्यालाच ‘खडीकरण’ म्हणतात.

अशा रस्त्याचा शत्रू पाणी. म्हणून मधला भाग किंचित उंच ठेवतात किंवा सगळा रस्ता एका बाजूला कलता करतात, डोंगराच्या अंगाला गटार खणतात आणि ठरावीक अंतरावर मोऱ्या घालतात. गटार तुंबले की एका मोठ्या पावसात रस्त्याला ओघळ पडतात. चढ शक्यतो शंभर मीटरला दहा मीटरच्या आत ठेवतात आणि वळणे लांब ओंडके घेऊन ट्रक फिरेल इतकी ऐसपैस असतात. सायकलस्वाराला जो चढ लयीत, न थांबता चढता येतो, त्याची लय लाकडाच्या ट्रकने ठरवलेली असते. आपल्याकडे खडीकरण ही डांबरीकरणाच्या आधीची अर्धवट अवस्था समजली जाते. इथे जाणूनबुजून तिथेच थांबतात. वेगाची गरज नाही, दुरुस्ती स्वस्त पडते आणि पाणी जमिनीत मुरते.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. जर्मनीचा सुमारे एक तृतीयांश भूभाग वनाखाली आहे आणि त्यातले जवळजवळ निम्मे वन खाजगी मालकीचे. तरीही १९७५ च्या संघीय वनकायद्याचे १४ वे कलम सांगते की विरंगुळ्यासाठी वनात जाण्याची मुभा सर्वांना आहे. सायकल, चाकाची खुर्ची आणि घोडा यांना रस्ते व वाटांपुरती. जाणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर जायचे. डोक्यावर वाळकी फांदी पडली तर मालकाला दोष देता येत नाही. राज्ये यात भर घालतात. आमच्या बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्यात दोन मीटरहून अरुंद वाटेवर सायकलला बंदी आहे आणि त्यावरून सायकलवाले व पायी फिरणारे यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. तोड चालू असेल तर रस्ता बंद, आणि ती पाटी मोडून पुढे जाणे जिवावर बेतू शकते.

म्हणजे इथे दोन निरनिराळे निर्णय झालेले आहेत: मोटारीला अडवायचे आणि माणसाला सोडायचे. दांडा आणि त्याच्या कडेची फट या दोहोंतून ही शांतता तयार होते.

हा हक्क मात्र जर्मन माणसाला परंपरेने आयता मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकात ऱ्हाइनलँडमध्ये गरिबांनी वनात पडलेली वाळकी लाकडे वेचणे ही चोरी ठरवण्याचा प्रस्ताव आला होता. त्या चर्चेवर १८४२ साली कोलोनच्या एका वृत्तपत्रात चोविशीतल्या कार्ल मार्क्सने लेखमाला लिहिली. त्याच ऱ्हाइनलँडमधल्या बॉन शहरात जन्मलेला डीट्रिश ब्रांडिस तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढे हा वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातल्या सागवनांवर अधिकारी म्हणून गेला आणि १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच्यानंतरचे श्लिश आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. झाडांची मोजदाद, तोडीच्या कार्ययोजना, वनांच्या आखलेल्या हद्दी ही शिस्त आपल्याकडे रुजवण्यात या तिघांचा मोठा वाटा आहे.

गावकऱ्यांच्या वहिवाटीला मान द्यावा आणि गावांना स्वतःची वने असावीत, असे ब्रांडिसचे मत होते. १८७८ च्या कायद्यात ग्रामवनाचे प्रकरण आले, पण ते बहुतांशी कागदावर राहिले. प्रत्यक्षात राखीव वने वाढत गेली. १९२७ च्या भारतीय वनकायद्याचे २६ वे कलम राखीव वनात विनापरवाना शिरणे हा गुन्हा ठरवते आणि तो कायदा आजही लागू आहे. फाटक जर्मनीतही आले, आपल्याकडेही आले. कडेची फट मात्र आपल्या कायद्यात नव्हती.

महाराष्ट्राला हे मुकाट सोसवले नाही. जुलै १९३० मध्ये बापूजी अणे यांनी पुसदला राखीव वनातले गवत कापून कायदा मोडला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि माणसे मेली. मागणी गवताची, सरपणाची आणि गुरांच्या चराईची होती. तिच्या मुळाशी वनात पाऊल टाकण्याचा हक्क होता.

म्हणून जर्मनीचे कलम उचलून आपल्याकडे लावावे, असे मी म्हणणार नाही. आपली वने रिकामी नाहीत. तिथे गावे आहेत, मोहफूल आणि तेंदूपानावर चालणारी घरे आहेत, वाघ, बिबटे, अस्वले आहेत. हक्कांच्या रांगेत शहरातून आलेला सायकलस्वार शेवटी उभा राहतो. रांगेतल्या पहिल्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा आला. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले.

तरी एक गोष्ट खटकते. व्याघ्रप्रकल्पात पैसे भरलेला पाहुणा जीपमधून फाटकाआत जातो आणि पायी माणसाला मज्जाव असतो. वाघ असलेल्या जंगलात त्याला सबळ कारण आहे. पण जिथे ते कारण नाही, अशा साध्या राखीव वनांच्या रस्त्यांबाबत मोटार आणि माणूस यांचा वेगवेगळा विचार व्हायला हरकत नसावी.

आणि खडीचे म्हणाल, तर श्वार्त्सवाल्डच्या गावांना डांबरी रस्ता केव्हाच मिळालेला आहे. त्याच्या जोडीला खडीचा शांत रस्ता राखणे त्यांना परवडते. मेळघाटातल्या ज्या पाड्यावर पावसाळ्यात रुग्णवाहिका पोचत नाही, तिथल्या बाईला खडीकरणावर थांबलेल्या रस्त्याचे कौतुक मी सांगू शकत नाही. तिचा रस्ता आधी पुरा व्हायला हवा.